यॉम्प : पाठीवर ओझं घेऊन तंगडतोड

‘यॉम्प’ हे इंग्रजीतलं बोलीतलं क्रियापद. शब्दकोशात अर्थ मिळतो तो साधारण ‘अवघड मुलखातून जड पावलांनी लांबवर चालणे’ असा. मूळ शब्द ब्रिटनच्या रॉयल मरीन्सचा, म्हणजे आरमाराच्या पायदळाचा, आणि त्यांच्या तोंडी ओझ्याशिवाय यॉम्प नाही.

सर्वांच्या कानावर तो पडला १९८२च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात. २५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेअर’ या ब्रिटिश जहाजावर क्षेपणास्त्रं आदळली आणि त्यावरची तीन चिनूक हेलिकॉप्टरं गेली. मग सान कार्लोसच्या किनाऱ्यावर उतरलेले मरीन्स पूर्वेकडे पायीच निघाले. सुमारे ३६ किलो पाठीवर आणि तीन दिवसांत ९० किलोमीटर, असं त्या चालीचं वर्णन करतात. पायाखाली दलदल, वर तिकडचा हिवाळा. त्याच बाजूने गेलेले छत्रीधारी सैनिक मात्र याच चालण्याला ‘टॅब’ म्हणतात. यॉम्प म्हटलेलं त्यांना खपत नाही!

व्युत्पत्ती पक्की नाही. ‘युअर ओन मार्चिंग पेस’ची आद्याक्षरं, ही फोड खूप फिरते, पण ती मागाहून जुळवलेली दिसते. मला तो ध्वन्यनुकारी वाटतो. मोठ्याने म्हणून बघा: ‘यॉ’ला तोंड उघडतं आणि ‘म्प’ला ओठ गच्च मिटतात, चिखलात बूट रुतावा तसे.

मराठीत काय म्हणायचं? ‘पायपीट’मध्ये हेलपाटा पडल्याची खंत आहे. ‘वणवण’ला ठिकाणच नाही. ‘मजल दरमजल’ला लष्कराचा वास आहे खरा, पण त्यात दमछाक ऐकू येत नाही. जवळचा शब्द ‘तंगडतोड’. पावसाळ्यात भरलेली सॅक घेऊन सह्याद्रीत हिंडणाऱ्यांच्या तोंडी तो सहज असतो. भिजून जड झालेल्या सॅकचे पट्टे खांद्यात रुततात, बांधावरून पाय घसरून भाताच्या खाचरात जातो आणि बाहेर काढताना चप्पल आतच राहते. तेव्हा तोंडून ‘तंगडतोड’च निघतं, ‘पदभ्रमण’ नाही.

हल्ली इंग्रज रविवारी माळरानावर फिरून आला तरी ‘यॉम्प’ केला म्हणतो. तिथे नुसतं ‘तंगडतोड’ पुरे. सैनिकांबद्दल असेल तर मात्र मी ‘पाठीवर ओझं घेऊन तंगडतोड’ असंच लिहीन. तीन शब्द जास्त गेले तरी चालतील, ओझं गळता कामा नये.