मदत हवी आहे: अ‍ॅनिमेशन मालिकेचे चार भाग जोडून सिनेमा करायचाय

कातरवेळ

नमस्कार मंडळी. मी संकलक आहे, पण आजवरचं काम सगळं जाहिराती आणि मालिकांचं. आमच्या छोट्या स्टुडिओने लहान मुलांच्या एका अ‍ॅनिमेशन मालिकेचा पायलट (वाहिनीला दाखवायचा नमुना) केला होता. कथा चार भागांत उलगडते, प्रत्येक भाग २२ मिनिटांचा. खाडीकाठचं गाव, आजोबांचं जुनं गलबत, ते भंगारात काढायला निघालेला काका आणि ते वाचवायला निघालेली दोन भावंडं. ज्या वाहिनीसाठी केलं तिचा बेत बदलला, मालिका बारगळली. आता निर्माते म्हणतात, थिएटरसाठी सिनेमा काढू. "चार बावीसे अठ्ठ्याऐंशी. लांबी झालीच की. मधली टायटल्स उडव, 'मागील भागात' उडव, संपलं काम."

मी तसं जोडून पाहिलं. जोडायला काही अडचण नाही, बघायला आहे. दर वीस मिनिटांनी गोष्ट संपते आणि पुन्हा उठून उभी राहते. दर सात-आठ मिनिटांनी कुणीतरी दचकतं, संगीत चढतं आणि पडदा काळा होतो, कारण तिथे जाहिरात यायची होती. घरच्या मुलांना दाखवलं तर पहिला भाग संपताच ती उठून पाणी प्यायला गेली.

तर विचारायचं हे: पायलटचा सिनेमा ज्यांनी आधी केलाय त्यांनी नेमकं काय केलं? नवीन अ‍ॅनिमेशनला पैसे जेमतेम दोन-तीन मिनिटांपुरते आहेत, ते कुठे घालावेत? शिवाय सगळा माल टीव्हीसाठीचा आहे: सेकंदाला २५ फ्रेम, १९२० बाय १०८०, आवाज स्टिरिओ. तो थिएटरात नेताना काय काय आडवं येतं? आणि कागदपत्रांचं काय?

गल्लीतला_जेडाय

सर्वात गाजलेलं उदाहरण 'स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स'. मालिकेचे सुरुवातीचे भाग तयार होत होते, ते जॉर्ज लुकासने मोठ्या पडद्यावर पाहिले आणि ठरवलं की हे थिएटरात जाईल. डेव्ह फिलोनी दिग्दर्शक. सिनेमा १५ ऑगस्ट २००८ ला अमेरिकेत लागला, मालिका ३ ऑक्टोबरला कार्टून नेटवर्कवर सुरू झाली. खर्च साधारण ८५ लाख डॉलर, जगभरातली कमाई ६.८ कोटींच्या आसपास. म्हणजे तुमच्या निर्मात्यांचं डोकं अगदीच चुकीच्या दिशेने चाललेलं नाही.

पण समीक्षकांनी धू-धू धुतला. आणि सांधे खरंच दिसतात. आधी ख्रिस्टॉफसिस ग्रहावरची लढाई. ती संपली की नवी कामगिरी: गुंडांचा सरदार जब्बा, त्याच्या पोराला सोडवून आणा. मग टेथवरचा मठ, मग टॅटूइन. सिनेटर पद्मे तर शेवटच्या टप्प्यात उगवते आणि स्वतःचं वेगळं प्रकरण सोडवून जाते. प्रत्येक ग्रह म्हणजे एक भाग, डोळे मिटूनही कळतं.

सिनेमा वाटावा म्हणून त्यांनी काही गोष्टी मात्र केल्या. जेडाय विंडूसाठी सॅम्युअल जॅक्सन आणि खलनायक डूकूसाठी ख्रिस्टोफर ली यांचे आवाज घेतले. मालिकेत हीच पात्रं दुसऱ्या कलाकारांनी केली आहेत. स्टार वॉर्सच्या सुरुवातीला आकाशात सरकत जाणारा तो पिवळा मजकूर काढला आणि जुन्या युद्धवार्तापटासारखा निवेदक आणला, एका दमात पार्श्वभूमी सांगून मोकळा. आणि गंमत म्हणजे सिनेमाच्या आधी काय घडलं हे सांगणारे दोन भाग पुढे मालिकेत दाखवले, त्यातला एक तर थेट दुसऱ्या सीझनमध्ये! मी तेव्हा कालक्रम लावत बसलो होतो, तो त्रास अजून आठवतो.

पोपटी_पेन्सिल

गल्लीतला_जेडाय यांना अनुमोदन. पण मला वाटतं कातरवेळ यांनी त्याहून जुनं उदाहरण बघावं. फिल्मेशन कंपनीने १९८५ मध्ये 'ही-मॅन'वरून निघालेल्या 'शी-रा' मालिकेचे पहिले पाच भाग जोडून 'द सीक्रेट ऑफ द स्वोर्ड' काढला. मार्चमध्ये सिनेमा, सप्टेंबरमध्ये मालिका. आपल्याकडे ज्यांनी दूरदर्शनवर ही-मॅन पाहिलाय त्यांना तलवारीचा उजेड आठवत असेलच.

तो जोडलेला असूनही बराचसा एकसंध वाटतो, कारण प्रश्न एकच आहे: ही तलवार कुणाची? ही-मॅन ती घेऊन परक्या जगात जातो, तिथे शत्रूच्या फौजेतली अ‍ॅडोरा त्याची जुळी बहीण निघते. पाचपैकी तीन-चार भाग एवढ्या एका धाग्यावर चालतात. पण चौथ्या भागात ती आईवडिलांना भेटते, आणि भेटल्यावर आपल्या पोटातला सिनेमा संपतो. पाचव्या भागाची लढाई त्यानंतर येते, ती कितीही मोठी असली तरी जादा तासासारखी वाटते. (मी सहावीत होते, तरी मला घरी जावंसं वाटलं होतं.)

कातरवेळ, तुमच्या गोष्टीत मुलांचं रडू कुठे फुटतं? ते जर तिसऱ्या भागाच्या शेवटी असेल तर तुमचा खरा प्रश्न चौथा भाग आहे.

कातरवेळ

नेमकं तिथेच आहे! तिसऱ्याच्या शेवटी आजोबा कबूल करतात की गलबत विकायचं त्यांनीच ठरवलंय, काकाने नाही. चौथ्यात वादळ आणि सुटका.

उलटी_गंगा

ताई, मी अ‍ॅनिमेशनच्याच लाइनीत, आधी लेआउट आणि आता संकलन. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट निर्मात्यांना समजावा. चालत्या माणसांच्या सिनेमात संकलकाकडे दहा टेक असतात, शॉटच्या दोन्ही टोकांना पुष्कळ माल असतो. अ‍ॅनिमेशनमध्ये तसं नसतं. संकलन आधीच, अ‍ॅनिमॅटिकवर (म्हणजे स्टोरीबोर्डच्या चित्रांच्या कच्च्या फिल्मवर) झालेलं असतं, आणि पैसे फक्त लागणाऱ्या फ्रेम्सवर खर्च होतात. तुमच्या शॉटना टोकाला आठ-बारा फ्रेमचं हँडल, म्हणजे जादा माल, असलं तर नशीब. म्हणजे तुम्ही कापू शकता, हलवू शकता, लांबवू शकत नाही. सिनेमाला हवा असतो तो श्वास, तोच तुमच्याकडे नाही.

म्हणून टाइमलाइनवर काम सुरूच करू नका. चारही भागांच्या स्टोरीबोर्डच्या चित्रांचे प्रिंट काढा आणि भिंतीवर लावा. टीव्हीला लागतं पण सिनेमाला लागत नाही ते आधी खाली उतरवा. पहिलं म्हणजे प्रत्येक भागाच्या सुरुवातीला पात्रं एकमेकांना जे पुन्हा सांगतात ते. 'मागील भागात' उडवणं सोपं आहे, पण "काल आपण गलबतावर चढलो तेव्हा..." असली वाक्यं संवादात पेरलेली असतात, ती शोधावी लागतात. दुसरं, जाहिरातीआधीचे खोटे धक्के. खिडकीत सावली दिसते आणि ब्रेकनंतर ते मांजर निघतं, तसले. तिसरं, भागाच्या शेवटचा सुखाचा निःश्वास. सगळे हसतात, सूर्य मावळतो. हे तिसरं सर्वात घातक, कारण ते प्रेक्षकाला उठायची परवानगी देतं. तुमची मुलं पाणी प्यायला गेली ती याचमुळे.

एवढं काढलं की ८८ मधून १२-१३ मिनिटं सहज जातील. जाऊ द्या. मुलांच्या सिनेमाला ७५ मिनिटं पुरतात.

मग क्रम. क्रम बदलणं फुकट आहे, हे लोक विसरतात. 'गलबत वाचेल का' हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत पडद्यावर यायला हवा. तुमच्या मालिकेत तो बहुधा पहिल्या भागाच्या शेवटी येत असेल, कारण पहिला भाग पात्रांच्या ओळखीत गेला असणार. तो पुढे ओढा. हलवल्यामुळे संवाद अडतील, तिथे पाठमोरे शॉट आणि लांबचे शॉट शोधा, ओठ दिसत नाहीत तिथे हवं ते वाक्य नव्याने डब करता येतं. पात्रं टूडी रिगवर (सुट्या भागांच्या हलत्या बाहुलीसारखी) असतील तर समोरून दिसणाऱ्या शॉटमध्येही नुसते तोंडाचे आकार बदलून पुन्हा रेंडर करणं नव्या शॉटच्या मानाने किरकोळ काम आहे.

आता ती दोन-तीन मिनिटं. भागाभागांचे सांधे भरण्यात ती अजिबात घालू नका. 'अटलांटिस: मायलोज रिटर्न' (२००३) बघा. बंद पडलेल्या मालिकेचे तीन भाग घेतले, मध्ये थोडे नवे दुवे टाकले. दुवे आहेत, तरी तीन वेगवेगळ्या मोहिमाच दिसतात. कारण प्रवासाचा शॉट टाकल्याने दोन गोष्टींची एक होत नाही. तुमचे पैसे दोन ठिकाणी जाऊ देत: सुरुवात, आणि आजोबांच्या कबुलीनंतरचा क्षण. सुरुवातीला खाडीवरून सरकत जाणारा एक लांब शॉट, पार्श्वभूमीच्या चित्रावर कॅमेरा फिरवायचा, खर्च थोडा आणि प्रेक्षक स्थिरावतो. कबुलीनंतर मात्र खरं अ‍ॅनिमेशन करा. मुलगी गप्प बसलीये, काहीच बोलत नाही, एवढंच. टीव्हीवर ते शक्य नव्हतं, तिथे शांतता म्हणजे चॅनेल बदललं. आणि तिला त्या बसण्यात काहीतरी ठरवू द्या. मग वादळ तिच्या निर्णयामुळे ओढवेल आणि चौथा भाग शेपूट वाटणार नाही.

ढोलीतला_घुबड

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. नव्याने काढायचं असेल तर काय काढावं, याचा नमुना जपानी 'गंडाम', महाकाय रोबोंच्या युद्धाची मालिका. ४३ भागांची मालिका १९८० च्या जानेवारीत संपली, मग तिचे तीन सिनेमे केले, मार्च १९८१ ते मार्च १९८२. तो पायलट नव्हे, पण कात्री तीच. संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित केले. सगळ्यात जास्त नवं अ‍ॅनिमेशन शेवटच्या सिनेमात आहे, म्हणजे जिथे भावना टोकाला जाते तिथे. आणि रोबोला जोडायची ती खेळण्यासारखी वाहनं, जी मालिकेत दर थोड्या भागांनी यायची, ती सरळ काढून त्याजागी साधं लढाऊ विमान आणलं. तुमच्याकडेही असं 'खेळणं' असेलच. बोलणारा खेकडा वगैरे?

कातरवेळ

बोलणारा बगळा आहे. :( निर्मात्यांचा लाडका. दर भागात एक गाणं म्हणतो.

ढोलीतला_घुबड

एक गाणं ठेवा. बगळा जगेल.

फेडर_खाली

तांत्रिक भाग मी घेतो. वेगापासून सुरू. थिएटरला २४ फ्रेम लागतात. २५ चं डीसीपी (थिएटरात चालणारी डिजिटल प्रत) बनतं, पण प्रत्येक थिएटरचा सर्व्हर ते निमूट चालवेलच असं नाही, तेव्हा २४ वरच जा. फ्रेम गाळू नका, पॅन होताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरताना, झटके दिसतील. सगळं चार टक्क्यांनी सावकाश करा आणि आवाजाची पट्टी दुरुस्त करा. ७५ मिनिटांची ७८ होतील. श्वास हवा होता ना, थोडा इथेही मिळतो.

चौकट: १९२० रुंदीची चौकट थिएटरच्या १.८५ च्या (रुंदी उंचीच्या १.८५ पट) पडद्यावर, म्हणजे १९९८ बाय १०८० मध्ये, आणायला चार टक्के मोठी केली की झालं. वरखालचे मिळून ४४ ओळी जातात, कुणाच्या लक्षात येत नाही. कुणी 'स्कोप करू, भारी दिसेल' म्हटलं तर हात जोडा. त्या जास्त रुंद चौकटीत उंचीचा पाव हिस्सा कापला जातो. टीव्हीसाठी चेहरे मोठे काढलेले असतात, कपाळं उडतील. रंगही टीव्हीसाठी लावलेले आहेत. थिएटरच्या प्रोजेक्टरवर एकदा बघून मगच पक्के करा.

आवाज मात्र नव्यानेच. टीव्हीचं मिक्स घरातल्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून दाबून सपाट केलेलं असतं. तेच थिएटरात लावलं तर पहिल्या मिनिटापासून सगळे ओरडतायत असं वाटतं. संवाद, संगीत आणि इफेक्ट्स वेगवेगळे मिळवा आणि ५.१ मध्ये (थिएटरच्या सहा चॅनेलच्या आवाजात) मिक्स करा.

शिक्का_मोर्तब

कागदांबद्दल. टीव्हीवरच्या मालिकेला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, थिएटरला लागतं, सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली) मध्ये ७+, १३+, १६+ असे गट आहेत, तुम्हाला अर्थातच यू (सर्वांसाठी खुलं) हवं असणार. प्रमाणपत्र मिळाल्यावर काहीही बदललं तर मंडळाला कळवावं लागतं, म्हणून शेवटचा कट शेवटचाच ठेवा.

त्याहून आधी करार बाहेर काढा. आवाज देणारे कलाकार, गीतकार, संगीतकार यांच्याशी झालेले करार फक्त दूरचित्रवाणीपुरते आहेत का ते बघा. तसे असतील तर थिएटरच्या हक्कांचं नव्याने लेखी करून घ्या. वाहिनीने पायलटला पैसे दिले असतील तर हक्क मुळात तुमच्याकडे आहेत का, हे सर्वात आधी.

आणि आजोबा बिडी ओढत नाहीत ना? ओढत असतील तर आरोग्याचा इशारा सुरुवातीला, मध्यंतराला आणि त्या दृश्यात तळाशी.

कातरवेळ

आजोबा तपकीर ओढतात...

शिक्का_मोर्तब

तपकीरही तंबाखूच, तंबाखूविषयक कायद्याच्या अनुसूचीत नावानिशी आहे. डबीत खडीसाखर घाला.

कातरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. हक्क आमच्याकडेच आहेत, वाहिनीने पैसे दिले नव्हते. डबीचे शॉट थोडेच आहेत, शिंक काढली की निभावेल. भिंतीवर चित्रं लावायला घेतलीत, निर्मातेही येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदा 'हे कशाला आहे?' असं स्वतःहून विचारलं.

एकच अडचण उरली. फेडर_खाली, संवाद वेगळे मिळाले, पण संगीत आणि इफेक्ट्स एकाच ट्रॅकवर मिसळून ठेवलेत. सुटं काही सापडत नाहीये. जिथे जिथे भाग जोडले जातात तिथे संगीत कापल्याचं स्पष्ट ऐकू येतं.

फेडर_खाली

संगीतकाराकडे मूळ सेशन असतं, आधी त्यांना विचारा. स्टुडिओत हरवलेलं त्यांच्या हार्ड डिस्कवर निघतं. नाहीच मिळालं तर सांध्यांच्या आसपासचा दीड-दोन मिनिटांचा मिसळलेला ट्रॅक पूर्ण टाकून द्या आणि तेवढ्या पट्ट्यात आवाज नव्याने बांधा. खाडी आहे म्हणजे माल भरपूर: भरतीचं पाणी, वल्हं, दोरखंडाची कुरकुर, लांबून येणारा लाँचचा भोंगा. पुढच्या दृश्याचा आवाज आधीच्या दृश्याच्या शेवटच्या पाच-सहा सेकंदांत सुरू करा. चित्रातला सांधा तसाच राहील, पण कान आधीच पुढे गेलेला असेल. संगीत त्या पट्ट्यात आणूच नका, ते पुढच्या दृश्यात पात्राने काही केल्यावर येऊ द्या.

एका सांध्यावर करून बघा आणि इथे कळवा. बगळ्याचं गाणं कोणतं ठेवलं तेही.