अथेन्स 2004: रिंग्जचं सुवर्ण योर्दान योव्हचेव्हचंच होतं

अनिकेत:
बल्गेरियाचा जिम्नॅस्ट योर्दान योव्हचेव्ह, जन्म प्लोव्हदिव्हचा. 1992 ते 2012 सलग सहा ऑलिंपिक. 2001 आणि 2003च्या जागतिक स्पर्धांत रिंग्ज (दोऱ्यांना टांगलेल्या दोन कड्या) आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती), दोन्हींत सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये मात्र चार पदकं: एक रौप्य, तीन कांस्य. माझं ठाम मत आहे की अथेन्समध्ये रिंग्जवर त्याच्यावर अन्याय झाला. यजमान ग्रीसच्या दिमोस्थेनिस ताम्पाकोसला 9.862, याला 9.850. तिसरा आलेला इटलीचा यूरी केकी स्वतः 1996चा या प्रकारातला विजेता, आणि त्यानंही सुवर्ण योव्हचेव्हचंच असल्याचं उघड दाखवलं. यापेक्षा मोठा जाणकार साक्षीदार कुठून आणायचा?

सुनीता:
अनिकेत, ताम्पाकोस काही यजमानांच्या मेहेरबानीनं वर आला नव्हता. 2000च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रिंग्जवर त्याला रौप्य होतं, योव्हचेव्हला कांस्य. 2003ला अनाहाइमच्या जागतिक स्पर्धेत तर रिंग्जचं सुवर्ण दोघांनी वाटून घेतलं होतं. वर्षभर आधी जे बरोबरीत सुटले, त्यांच्यात अथेन्सला 0.012चा फरक पडला तर त्यात नवल काय? 'अन्याय' म्हणताना त्या माणसाची मेहनतही आपण पुसतो, याचं मला वाईट वाटतं.

अनिकेत:
ताई, मेहनत कोण नाकारतंय! पण तो 0.012 आला कुठून ते बघा. सहा पंच, वरचा-खालचा गुण सोडून उरलेल्या चौघांची सरासरी. चौघांपैकी एकानं 0.05 जास्त दिले की बरोबर एवढाच फरक पडतो. म्हणजे एका माणसाची नजर. समोर घरचे प्रेक्षक.

मेधा:
मी बारा वर्षं मल्लखांबाला पंच म्हणून बसते आहे. स्थिर अवस्था दोन सेकंद टिकली की पावणेदोन, हे मोजताना शेजारी बसलेल्या दोन अनुभवी पंचांचं एकमत होत नाही. रिंग्जवरही तसंच: हात आडवे पसरून अंग रोखून धरलंय, कोपर किंचित वाकलं की नाही, दोऱ्या हलल्या की नाही. 0.05चा फरक प्रामाणिक पंचांतही पडतो. त्याला पक्षपात म्हणायला माझी तयारी नाही.

अनिकेत:
मग दुसऱ्याच दिवशी हाय बारला (उंच आडव्या दांड्यावरचा प्रकार) रशियाच्या नेमोव्हसाठी प्रेक्षक ओरडले तेव्हा गुण 9.725वरून 9.762 कसे झाले? गोंगाटानं नजर बदलते हे तिथेच दिसलं.

सुनीता:
बदलले, तरी नेमोव्ह पाचवाच राहिला! पण हा मुद्दा मान्य. 2006पासून दहा गुणांची जुनी पद्धत गेली, अडचण पातळी आणि सादरीकरण वेगवेगळं मोजायला लागले, त्यामागे अथेन्सचे हे वाद होतेच. फक्त ती रचनेची चूक होती, ताम्पाकोसची नाही.

राहुल:
तुम्ही दोघंही एका संध्याकाळीच अडकलात. 2012ला लंडनमध्ये योव्हचेव्ह 39 वर्षांचा होता, बल्गेरियाच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाचा अध्यक्ष होता, आणि तरी रिंग्जच्या अंतिम फेरीत सातवा आला. खांदे आणि मनगटं झिजवणाऱ्या या खेळात वीस वर्षं! मला त्या सुवर्णापेक्षा हे मोठं वाटतं.

अनिकेत:
राहुल, मला नाही वाटत. लंडनचा सातवा क्रमांक अथेन्सची भरपाई कशी करेल? सहा ऑलिंपिक खेळलेल्या माणसाला एकदाही सर्वांत वरच्या पायरीवर उभं राहता आलं नाही. संधी हातात आली ती अथेन्समध्येच, म्हणून मी तिथेच अडकलोय.

मेधा:
अडकून राहा, पण दोन्ही सादरीकरणं आवाज बंद करून सलग पाहा आणि स्वतः गुण द्या. मी कालच पाहिली. माझ्या कागदावर योव्हचेव्ह पुढे आहे, 0.05नं. आणि तरीही त्या दिवशीच्या पंचांना मी अप्रामाणिक म्हणणार नाही.