चार-पाच सोर्स आहेत, पण निबंध होत नाहीये

मांडवीची_मनू: बीए सेकंड इयर, इथेच बडोद्यात. सरांनी निबंध दिलाय, सयाजीराव गायकवाडांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा खरंच उपयोग झाला का, बाजू घेऊन लिहा आणि सोर्स एकाहून जास्त हवेत. हंसा मेहता लायब्ररीत बसून बडोदा राज्याचे जुने अहवाल, जनगणना, गोपाळ कृष्ण गोखल्यांची भाषणं सगळ्याच्या नोट्स काढल्यात, पण लिहायला घेतलं की अहवाल असं म्हणतो मग गोखले असं म्हणतात, एवढंच होतंय. माझं मत घालू कुठे?

रावपुरा_कट्टा: अगं एका सोर्सला एक पॅरा हे आधी बंद कर, पॅरा मुद्द्याचा असतो. आणि "उपयोग" म्हणजे काय ते तूच ठरव ना, पट वाढला की लिहिता-वाचता आलं की मुली शाळेत आल्या? समज तू म्हणालीस की दंडाच्या धाकाने मुलं पटावर आली पण टिकली नाहीत, तर यावर कोणीतरी भांडू शकतं, म्हणजे झाला तुझा मुद्दा. मग अहवाल, जनगणना सगळे याच एका प्रश्नाला उत्तर देतील, आणि तुझं मत वेगळं घालावं लागणार नाही.

जुना_मास्तर: मनू बेटा, जनगणना जपून वापर. १९११ ला साक्षर कोण, तर जो मित्राला पत्र लिहू शकतो आणि आलेलं उत्तर वाचू शकतो. १९०१ ला अशी कसोटीच नव्हती, त्यामुळे दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवून "बघा वाढलं" किंवा "बघा काहीच झालं नाही" म्हणता येत नाही. शिवाय राज्यभर सक्ती आली १९०६ ला, तेव्हा सात वर्षांचं पोर १९११ ला बारा वर्षांचं, आणि एकूण आकड्यात त्याचे आजी-आजोबापण मोजलेत! १० ते १५ वयोगटाचा रकाना वेगळा असतो, तो घे.
अहवाल तर राज्याचाच, आपला तो बाब्या. टाकून नको देऊ, फक्त लिहिणारा कोण ते वाचणाऱ्याला सांग.

मांडवीची_मनू: बापरे, रकान्याचं लक्षातच नव्हतं आलं. मग काका, गोखले माझ्या बाजूचे धरू ना?

जुना_मास्तर: धर, पण १९११ ला ते व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात स्वतःचं सक्तीच्या शिक्षणाचं बिल मांडत होते, बडोदा त्यांना उदाहरण म्हणून हवंच होतं. (बिल १९१२ ला पडलं.) त्यांचे आकडे बडोद्याच्याच अहवालातून आले असतील तर तुझे साक्षीदार दोन नाहीत, एकच आहे.

रावपुरा_कट्टा: +१. आणि विरोधी बाजू शेवटी दोन ओळींत उरकू नकोस, सरांना लगेच कळतं. त्यांचं जे खरं आहे ते सरळ मान्य कर, मग तरीही तू का हलत नाहीस ते लिही.

मांडवीची_मनू: ओके. अमरेलीचं १८९३ सुरुवातीला इतिहास म्हणून टाकते मग.

जुना_मास्तर: सुरुवातीला कशाला वाया घालवतेस? सक्ती आधी अमरेली तालुक्यातल्या काही गावांत आली, बाकी राज्याच्या तेरा वर्षं आधी, म्हणजे तुलना आयती आहे. तालुकावार आकडे मिळाले तर तोच तुझा मधला मोठा पॅरा.