पट्टे, विटा आणि खुर्च्यांबद्दल

एकांनी लिहिलंय की योगवर्गातले पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या ही शहरी स्टुडिओंची फॅशन आहे, खऱ्या योगाला सतरंजी पुरे. मला हे अजिबात पटत नाही. या साधनांमागे पुण्यातल्या एका माणसाची आयुष्यभराची मेहनत आहे.

हा माणूस म्हणजे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार. ते लहानपणी क्षय, मलेरिया, टायफॉइडने पार खंगलेले होते. १९३७ मध्ये ते योग शिकवायला पुण्यात आले आणि इथलेच झाले. पत्नीच्या नावाने उभारलेली त्यांची रमामणी अय्यंगार संस्था १९७५ साली सुरू झाली. ताठर, वयस्क, आजारी शरीरालाही आसन जमावं, यासाठी त्यांनी ही साधनं रुजवली. त्रिकोणासनात (पाय फाकवून, ताठ ठेवून बाजूला झुकायचं आसन) हात जमिनीपर्यंत पोचत नसला की माणूस छाती पुढे पाडतो, गुडघा वाकवतो, श्वास अडकतो. तिथे हाताखाली वीट आली की पाय ताठ राहतात, छाती उघडते आणि आसनात थांबता येतं. (आणि थांबणं हाच तर आसनाचा गाभा!)

एवढं मात्र खरं, की वीट कुणाला, किती उंचीची आणि कधी काढून घ्यायची हे शिक्षकाला कळलं पाहिजे. वर्ग निवडताना मी आधी तेच बघते.