लूकमधली 'नावनिशी' म्हणजे जनगणनाच का?

नमस्कार मंडळी, नाताळ जवळ आलाय आणि आमच्याकडे वसईत येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या शेजारी लावायला मराठीत एक माहितीचा बोर्ड लिहायचा आहे. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात सुरुवातीलाच 'नावनिशी' हा शब्द येतो, कैसर औगुस्तने, म्हणजे रोमच्या सम्राटाने, आज्ञा केली की सर्व जगाची नावनिशी लिहिली जावी आणि त्यासाठी योसेफ मरीयेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला गेला. आता नावनिशी म्हटलं की आमच्याकडच्या पोरांना काहीच कळत नाही म्हणून मी सरळ 'जनगणना' लिहिलं, तर एका मित्राने हरकत घेतली की अशी जनगणना कधी झालीच नव्हती, कुठल्याही इतिहासात नोंद नाही. मला दोन्ही गोष्टी नीट समजून घ्यायच्यात. एक म्हणजे नावनिशीचा नेमका अर्थ काय, आणि दुसरं, लूक जे सांगतो ते इतिहासात बसतं का. श्रद्धेचा वाद घालायचा नाहीये, पण बोर्डावर चुकीचं काही जायला नको.

———

आधी शब्दाचं बघू. नावनिशी म्हणजे माणसाचं नाव आणि तो ओळखता येईल असा तपशील लिहून केलेली यादी. जुन्या कागदांतून 'नावनिशीवार' असं यायचं, अजूनही सरकारी मराठीत कधीतरी 'नावनिशीवार यादी' दिसते. जनगणनेला आपल्याकडे आधी दोन चांगले शब्द होते, खानेसुमारी आणि शिरगणती. खाना म्हणजे घर, त्यामुळे खानेसुमारीत घरं मोजायची, शिरगणतीत डोकी. १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी जी होत आली ती जनगणना, तिच्यात माणूस किती आणि कसा आहे एवढंच विचारतात, तुमची जमीन किती आणि सारा किती बसवायचा हे ती ठरवत नाही.

लूकने वापरलेला ग्रीक शब्द आहे आपोग्राफे, म्हणजे शब्दशः लिहून काढणं, नोंद करणं. रोमन लोक ही नोंद करायचे ती मुख्यतः करासाठी, कोणाची मालमत्ता काय, घरात माणसं किती, कोणावर किती कर बसतो. म्हणजे ती अर्धी जमाबंदीच, कराची आकारणीच झाली. म्हणून माझं मत, ज्याने मराठी बायबलात नावनिशी घातलं त्याने फार विचार करून शब्द निवडलाय, जनगणना लिहिलं की आजच्या वाचकाला शाळामास्तर घरोघर फिरून फॉर्म भरतायत असं काहीतरी वाटतं आणि करवसुलीचा जो धाक होता तो निघूनच जातो. बोर्डावर 'करासाठी नावनोंदणी' लिहा, पोरांनाही कळेल.

———

शब्द ठीक आहे पण खरी अडचण पुढच्या ओळीत आहे. तिथे लिहिलंय की क्विरीनिय सूरियाचा (सीरियाचा) सुभेदार असताना ही पहिली नावनिशी झाली. (सुभेदार म्हणजे इथे सुभ्याचा, प्रांताचा मुख्य अधिकारी, पलटणीतला सुभेदार नव्हे, हेही बोर्डावर एका ओळीत सांगा कारण आता तो अर्थ कोणाला पटकन आठवत नाही.)

क्विरीनिय हा खराखुरा माणूस आहे, त्याच्याबद्दल कसली शंका नाही. सूरियातल्या अपामेया शहराची नोंद त्याच्या हुकमाने झाली आणि एक लाख १७ हजार नागरिक मोजले गेले असं सांगणारा एका रोमन अधिकाऱ्याचा शिलालेखच सापडलाय. यहूदी इतिहासकार योसेफस त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो. यहूद्यांचा राजा हेरोद याचा मुलगा अर्खेलाव याला रोमने पदावरून काढलं, यहूदीया (बेथलेहेम याच प्रांतात येतं) थेट रोमच्या ताब्यात आला आणि मग क्विरीनियने येऊन लोकांच्या मालमत्तेची आकारणी केली. हे साल इ.स. ६. आणि हेरोद राजा मेला इ.स.पू. ४ मध्ये. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय सांगतो येशूचा जन्म हेरोद जिवंत असताना झाला, लूकही पहिल्या अध्यायात हेरोदाच्याच दिवसांपासून गोष्ट सुरू करतो, म्हणजे दोघांचं जिथे एकमत आहे तिथे आणि नावनिशीत जवळजवळ दहा वर्षांचं अंतर पडतं. तुमचा मित्र म्हणतो अशी नोंदणी झालीच नाही, तसं नाही, झाली, पण वेळ जुळत नाही.

आणि 'सर्व जगाची' हाही प्रश्न आहेच. औगुस्तने स्वतःच्या कामगिरीचा जो लेख कोरून ठेवलाय त्यात त्याने तीन मोजण्या सांगितल्यात, इ.स.पू. २८, इ.स.पू. ८ आणि इ.स. १४. इ.स.पू. ८ च्या मोजणीत ४२ लाख ३३ हजार भरले. पण हे सगळे रोमन नागरिक, नासरेथचा सुतार त्यात येतच नाही. सगळ्या साम्राज्यात एकाच हुकमाने सगळ्यांची नोंदणी झाली असं लूकखेरीज कोणी सांगत नाही.

———

थोडं थांबा, दुसरी बाजूही नीट मांडायला हवी, नाहीतर बोर्ड वाचणाऱ्याला वाटेल लूकने सगळं हवेतून काढलं.

माणसांनी आपापल्या गावी परत जायचं हा भाग लोक नेहमी हसण्यावारी नेतात, तर त्याला एक पुरावा आहे. इ.स. १०४ मध्ये इजिप्तचा रोमन अधिकारी गायस विबियस मॅक्सिमस याने काढलेला हुकूम पपायरसवर मिळालाय, त्यात म्हटलंय की घरवार नोंदणी सुरू झाली आहे तेव्हा जे कोणत्याही कारणाने आपला भाग सोडून बाहेर राहतायत त्यांनी आपापल्या घरी परतावं. आणि गंमत बघा, तिथे या नोंदणीला जो ग्रीक शब्दप्रयोग आहे तो म्हणजे 'घराघरानुसार आपोग्राफे', अगदी आपली खानेसुमारी.

दुसरं म्हणजे 'पहिली' या शब्दाचा घोळ. ग्रीकमधला प्रोटे हा शब्द काही जण 'पूर्वीची' असा घेतात, म्हणजे क्विरीनिय सुभेदार होण्याच्या आधीची नावनिशी, मग सालाचा प्रश्नच मिटतो. तिसरं, तर्तुल्यन हा जुना ख्रिस्ती लेखक ही नोंदणी सातुर्निनुस सूरियात असताना झाली असं म्हणतो आणि सातुर्निनुस हा हेरोदाच्याच काळातला. शिवाय सुभेदारपणासाठी लूकने जे क्रियापद वापरलंय तेच पुढच्या अध्यायात यहूदीयाचा रोमन अधिकारी पिलात याच्यासाठी वापरलंय, आणि पिलाताचा हुद्दा सूरियाच्या अधिकाऱ्यापेक्षा बराच खालचा होता, त्यामुळे क्विरीनिय तेव्हा दुसऱ्या कुठल्या अधिकारावर असेल असंही काही अभ्यासक धरतात.

———

इजिप्तचा हुकूम मलाही महत्त्वाचा वाटतो पण तो जपून वापरायला हवा. तिथे माणसाला त्याच्या स्वतःच्या राहत्या घरी परत बोलावलंय, जिथे त्याचं बिऱ्हाड आहे, जिथे त्याचा कर ठरतो. लूक सांगतो योसेफ बेथलेहेमला गेला कारण तो दाविद राजाच्या घराण्यातला होता आणि ते दाविदाचं गाव, आणि दाविद त्याच्या हजारेक वर्षं आधीचा. इतक्या मागच्या पूर्वजाच्या गावी जाऊन नाव लिहायला लावणारी करपद्धत कुठेही दिसत नाही, आणि कर घेणाऱ्याला तिचा उपयोगही नाही, त्याला जमीन जिथे आहे तिथेच माणूस हवा असतो. त्यात इ.स. ६ मध्ये नासरेथ ज्या गालीलात येतं तिथे हेरोद राजाचा दुसरा मुलगा हेरोद अंतिपा याचं राज्य होतं, यहूदीयातल्या आकारणीशी गालीलच्या माणसाचा थेट संबंध नव्हता. (योसेफाची बेथलेहेमात जमीन असेल असं काही जण म्हणतात. असेल, पण लूक तसं म्हणत नाही.)

प्रोटेचा 'पूर्वीची' हा अर्थ व्याकरणात ओढूनताणून बसतो, पण ते वाक्य सरळ वाचून तो अर्थ निघत नाही, मराठी बायबलाने 'पहिली' ठेवलं तेच बरोबर. आणि हेरोदाच्या शेवटच्या वर्षांत सूरियात कोण होतं हे योसेफसवरून माहीत आहे, आधी सातुर्निनुस, मग वारुस, क्विरीनियला मध्ये जागाच उरत नाही.

माझं स्पष्ट मत असं की लूकच्या मनात इ.स. ६ चीच नावनिशी होती, ती इतकी गाजली होती की कोणालाही आठवावी. तिच्याविरुद्ध गालीलकर यहूदाने बंड केलं, आणि लूकनेच लिहिलेल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्या बंडाचा उल्लेख आहे, तिथेही हाच शब्द, आपोग्राफे. दोनतीन पिढ्यांनंतर लिहिताना ती प्रसिद्ध घटना जन्माच्या गोष्टीला जोडली गेली. पण त्यावरून येशूचा जन्मच काल्पनिक असं म्हणणं हा निव्वळ आततायीपणा आहे. लूकच पुढे सांगतो की औगुस्तनंतरच्या तिबिर्य कैसराच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास येशू तीसेक वर्षांचा होता, ते साल इ.स. २८-२९ धरलं तर जन्म हेरोदाच्या काळाच्या आसपास येतो, इ.स. ६ ला नाही. बहुतेक अभ्यासक जन्म इ.स.पू. ६ ते ४ मध्ये धरतात. नासरेथच्या घरातला मुलगा, आईचं नाव मरीया, हेरोदाच्या अखेरच्या वर्षांतला जन्म, एवढं मजबूत आहे. बेथलेहेमबद्दल मात्र मतं दुभंगलेली आहेत, कारण अधिपती तिथून येईल असं सांगणाऱ्या मीखा संदेष्ट्याच्या वचनात ते गाव आधीपासून होतं आणि मार्क, योहान हे बाकीचे दोन शुभवर्तमानकार जन्माची गोष्टच सांगत नाहीत.

———

शब्दांचा विषय निघालाच आहे तर 'उतारशाळा' पण बघा ना. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं, यावरून आपल्या डोक्यात दार बंद करणारा धर्मशाळेचा मालक उभा राहतो, नाटकांत तर त्याला संवादही असतात, पण लूकमध्ये असा कोणी माणूसच नाहीये. मूळ शब्द काटालुमा, आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू ज्या खोलीबद्दल विचारतो तिथेही लूकने काटालुमाच वापरलंय, म्हणजे पाहुण्यांची खोली. खऱ्या उतारशाळेसाठी त्याच्याकडे वेगळा शब्द होता, येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (बोधकथेत) पांदोखेयॉन आलाय. तेव्हा नातलगांच्या घरी पाहुण्यांच्या खोलीत जागा नव्हती असंही वाचता येतं, मला तर तेच जास्त पटतं. तिकडच्या बऱ्याच घरांत एकच मोठी खोली असायची, रात्री जनावरं आत घेऊन खालच्या बाजूला बांधायची आणि माणसं जरा उंचावर झोपायची, मधल्या कडेला गव्हाण. घाटावरच्या जुन्या घरांत बैल घरातच एका अंगाला बांधलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजवायला नको. बाळंतिणीला त्याच भागात थोडा आडोसा मिळाला असणार, आणि आजूबाजूला बायका असणार. गोठा हे चित्रही त्या गव्हाणीवरूनच आलंय, लूक गोठा म्हणत नाही, आणि बैल-गाढव तर लूक आणि मत्तय दोन्ही शुभवर्तमानांत नाहीत.

———

मग तीन राजे? आमच्या गोठ्यात त्यांच्या मूर्ती आहेत, नावं पण घातलीयेत.

———

मूर्ती राहू द्या, परंपरा म्हणून त्या जुन्या आहेत आणि गोव्यात ६ जानेवारीचा तीन राजांचा सण किती प्रेमाने होतो ते तुम्हाला माहीत असेलच, रेइश मागूश या गावाचं नावही त्यांच्यावरूनच पडलंय. पण माहितीत लिहिताना मत्तयाचा शब्द 'मागी' हाच घ्या. ते राजे होते असं तो म्हणत नाही, तीन होते असंही म्हणत नाही, तीन आहेत त्या भेटी, सोनं, ऊद आणि गंधरस, त्यावरून माणसं तीन धरली गेली. मागी म्हणजे पूर्वेकडचे ग्रहताऱ्यांचे जाणकार. आणि ते गव्हाणीपाशी येत नाहीत, मत्तय सरळ 'घरात' म्हणतो, आणि हेरोद दोन वर्षं व त्याखालची मुलं मारायला सांगतो म्हणजे बाळ तोवर रांगतं-चालतं झालेलं असू शकतं. तेव्हा मेंढपाळ आणि मागी एकाच रात्री आले असं बोर्डावर लिहू नका, मेंढपाळ लूकचे, मागी मत्तयाचे, दोघांची नावं घालून दोन वेगळे परिच्छेद करा.