भ्रातृ ते पॅल

इंग्रजीत मित्राला 'मेट' (mate) किंवा 'पॅल' (pal) म्हणतात. 'मेट' म्हणजे मुळात एका ताटात जेवणारा; त्याचं नातं 'मीट'शी (meat). जुन्या इंग्रजीत 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न, त्यामुळे शाकाहारी मेटही चालतो! पण खरी गंमत 'पॅल'मध्ये आहे. १७व्या शतकात हा शब्द इंग्लंडमधल्या रोमानी (ज्यांना जिप्सी म्हणत) लोकांकडून इंग्रजीत गेला. त्यांच्याकडे 'प्राल' किंवा 'पाल' म्हणजे भाऊ. रोमानी मूळची भारतातली भाषा, त्यामुळे शब्दाचं नातं थेट 'भ्रातृ'शी. आमच्या सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांतून गाडी काढताना अनोळखी माणसालाही "भावा, जरा सरक की" म्हणतात, तोच प्रकार. 'ब्रदर'ही त्याच घराण्यातला. म्हणजे इंग्रजीत सख्खा भाऊ आधीपासून होताच, चुलत मागून फिरत फिरत आला.