मदत हवी आहे: क्षारपड रानात जमिनीखालचं खारट पाणी काढायला सच्छिद्र पाईप गाडायची आहे, पण ओढाच उथळ आहे. पाणी काढू कुठं?

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातला, कृष्णाकाठचा. अडीच एकर काळं रान आहे, साधारण ३३० फूट लांब आणि तेवढंच रुंद, अगदी सपाट. आजोबा इथं शाळू आणि हरभरा घ्यायचे. लिफ्टचं, म्हणजे नदीतून पंपानं उचललेलं पाणी आलं, ऊस आला आणि आम्ही तीस वर्षं पाटानं पाणी सोडत राहिलो. आता लागणीतच ठिगळं पडतात, डोळे उगवतच नाहीत. जिथं उगवतात तिथं खोडवा, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेला ऊस, गुडघ्याच्या वर जात नाही. खालच्या कोपऱ्यात तर पाणकणीस माजलंय.

फेब्रुवारीत तीन फुटांचा खड्डा काढून बघितला. चहा पिऊन परत येईपर्यंत तळाला पाणी चमकायला लागलं होतं, सकाळी ते जमिनीपासून दीड फुटावर होतं. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरं मीठ फुटतं, बोटाला लावून चाखलं तर खारट-कडू लागतं. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.७, क्षारता ५.२ आणि विनिमययुक्त सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, १९ टक्के आलंय. म्हणजे रान नुसतं खारवट नाही, सोडियम साचून चोपणही झालंय.

एकदा हात पोळून झालेत, म्हणून जपून विचारतोय. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं साध्या पीव्हीसी पाईपला ड्रिलनं भोकं पाडून तीन ओळी टाकून दिल्या, वर फिल्टरचं कापड नाही. पहिल्या पावसाळ्यात पाणी आलं, दुसऱ्यात थेंब नाही. उकरून एक तुकडा कापला तर आतून मुसळासारखा गाळाचा गोळा सरळ बाहेर आला. घातलेले पैसे त्या गाळात गेले.

आता नीट करायचं ठरवलंय. ८० मिलिमीटरची कापड गुंडाळलेली नालीदार सच्छिद्र पाईप आडव्या ओळींना आणि त्यांचं पाणी गोळा करणाऱ्या मेनला मोठी पाईप. उतार दर शंभर फुटाला अडीच इंच धरला. आडवी ओळ वरच्या टोकाला साडेतीन फूट खोल सुरू केली तर ३३० फुटांवर ती सव्वाचार फुटांच्या आसपास जाते. तिथून मेन बांधाकडेनं आणखी ३३० फूट, म्हणजे जवळजवळ पाच फूट. पुढं ओढ्यापर्यंत चुलतभावाचं २५० फूट रान आहे, ते ओलांडताना खोली साडेपाच फुटांच्या घरात जाते. ओढा पूर्वी सहा फूट होता. २०१९ च्या महापुरात आणि परत २०२१ ला गाळ बसून आता जेमतेम चार फूट राहिलाय. म्हणजे माझ्या पाईपचं तोंड ओढ्याच्या तळाच्याही खाली!

माझे प्रश्न असे:
ओढ्यातला गाळ उपसून घ्यायचा, की शेताच्या कडेला सिमेंटच्या रिंगांची विहीर करून मोटरनं पाणी उचलायचं? ठेकेदार दोन ओळींत ८० फूट अंतर पुरे म्हणतो, मला ५० बरं वाटतं. आणि चोपण सुधारायला जिप्सम टाकायचं ते पाईप गाडायच्या आधी की नंतर?

प्रतिसाद, शिरोळहून

दादा, मोजमाप करून प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण आधी चर काढतात आणि मग पाणी जाईना म्हणून बसतात. तोंड ठरल्याशिवाय एक फूटसुद्धा चर काढू नका. काम नेहमी तोंडापासून सुरू करून वरच्या अंगाला नेतात, म्हणजे उतार चुकला तर लगेच कळतो.

रिंगच्या विहिरीचा हिशोब बघा. दिवसाला २ मिलिमीटर पाणी काढायचं धरलं तर अडीच एकरांचं वीस हजार लिटर होतं. पाच फुटी रिंगमध्ये मेनच्या खाली तीन फूट जागा ठेवलीत तरी सतराशे लिटरच मावतं, ते दोन तासांत भरतं. लाईट रात्रीची असली तर दिवसभर पाईप तुंबून राहणार. उन्हाळ्यात चालेल, पण श्रावणात नाही. चोवीस तास लाईट असली तरच त्या वाटेला जा.

ओढाच उपसा. एकट्यानं नाही, ओढ्याकाठच्या सगळ्यांना घेऊन, आणि ग्रामपंचायतीला कळवून. आमच्या तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जे काम झालं ते सामुदायिक होतं, म्हणून टिकलं. एकाचं रान कोरडं करायचं तर शेजाऱ्याचं पाणी बांधाखालून येतच राहतं.

चुलतभावाच्या रानातून नुसती बंद पाईप नेऊ नका, तिथंही सच्छिद्रच घाला. त्यांचंही पाणी उतरेल, मग संमती मागायची भाषाच बदलते. फक्त मेन सहा इंची ठेवा, दोघांचं पाणी मावलं पाहिजे. ओढ्याजवळचे शेवटचे पंधरा फूट मात्र बंद जाड पाईप आणि तोंडाला जाळी. खेकडे आणि घुशी आत शिरून घर करतात, हे आम्ही बघितलंय. जिथं आडव्या ओळी मेनला मिळतात तिथं तपासणीच्या रिंगा घ्या आणि तळाला फूटभर गाळ साठायला जागा सोडा.

प्रतिसाद, मिरज तालुका

अंतराबाबत माझं मत ठाम आहे, तुमच्या चिकट काळ्या मातीत ५० फूटच. ८० फुटांवर दोन ओळींच्या मधली माती ओलीच राहते आणि ऊस पट्ट्यापट्ट्यानं येतो. एकदा गाडलेली पाईप परत जवळ आणता येत नाही. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनीवर बरंच काम झालंय, माती परीक्षणाचा कागद घेऊन तिथं जाऊन या.

जिप्सम टाकायचं ते पाईप गाडल्यावर. सोडियममुळं चिकणमाती विस्कटते, छिद्रं बुजतात आणि पाणी पाईपपर्यंत पोचतच नाही. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण हुसकावलेला सोडियम बाहेर जायला वाट हवी. ती वाट म्हणजे तुमची पाईप. मे महिन्यात चर बुजवून घ्या, जिप्सम वरच्या सहा इंचांत मिसळा, वाफे बांधून पावसाचं गोडं पाणी साठवा आणि धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा. फुलोऱ्याच्या आधी गाडा. पहिल्या वर्षी उसाची घाई नको.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चुलतभावाच्या रानात सच्छिद्र पाईप घालायची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. त्यांचाही खालचा कोपरा पांढरा पडतोय, पण आजवर कधी विषय काढला नाही. संध्याकाळी डंपी लेव्हलवाल्याला (दुर्बिणीनं उंच-सखल मोजणाऱ्याला) बोलावलंय, ओढ्याचा तळ खालच्या पुलापर्यंत मोजून घेतो. वरच्या अंगाला उपसून खाली गाळ तसाच राहिला तर पाणी उलटं फिरायचं.

पाईप पाच ते साडेपाच फूट खाली जाणार, वरून नांगर-ट्रॅक्टर खुशाल चालणार आणि दुरुस्तीला उकरलं तर पिकाची भरपाई मी देणार, एवढं भावांना कागदावर लिहून द्यायचंय. कुणी असं संमतीपत्र केलं असेल तर मजकूर इथं टाका, शनिवारी त्यांच्याकडं जायचंय.